दाजींच्या गाडीचं काय करायचं?

कराड,
२५ जानेवारी २०२६

चि. सौ. मीनल हिस,


तुझा निरोप मिळाला. दाजींच्या मारुती आठशेवरून घरात तीन तोंडं तीन दिशांना आहेत, असं दिसतं. प्रशांत म्हणतो, चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला कशाला, काढून टाका. अक्का म्हणते, ह्यांचा जीव आहे तिच्यात, हात लावू नका. तुझ्या मनात आहे की पैसे घालून ती दुरुस्त करावी, पुण्याला न्यावी, रोज हडपसरला कामावर जायला वापरावी आणि शनिवार-रविवारी छोट्या अन्वीला घेऊन तिच्यातूनच साताऱ्याला यावं. मेस्त्रीने इंजिनाचं काम निघालंय म्हणून पंचेचाळीस हजार सांगितलेत आणि मे महिन्यात नोंदणीची मुदतही संपतेय. हे सगळं फोनवर उरकण्यासारखं नाही. कागदावर मांडलं म्हणजे तुला पुन्हा वाचता येईल आणि दाजींनाही वाचून दाखवता येईल, म्हणून हे पत्र.

माझी सगळी नोकरी दापोडीच्या एसटी वर्कशॉपात गेली. गाडी ठेवायची की मोडीत काढायची, हा प्रश्न तिथे रोजचाच होता. त्या अनुभवावरून सांगतो, दुरुस्ती की बदली हा पहिला प्रश्न नव्हेच. या गाडीकडून यापुढे कोणतं काम घ्यायचं, ते आधी ठरव. साताऱ्यात मंडईत जाणं, दवाखान्यात नेणं-आणणं, सणावाराला देवदर्शन हे एक काम. रोज पुण्याच्या वाहतुकीत दोन-दोन तास आणि दर आठवड्याला खंबाटकीचा घाट हे वेगळं काम. पहिल्या कामाला जी गाडी उत्तम, तीच दुसऱ्याला धोक्याची ठरू शकते. तुम्ही तिघं वेगवेगळं काम मनात धरून बोलताय, म्हणून एकमत होत नाही.

आधी हायवेचं बोलतो. मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच आहे.

तुमची गाडी १९९६ ची. तिच्यात एअरबॅग नाही, एबीएस नाही. आपल्याकडे सगळ्या नव्या मोटारींना एबीएस आणि चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली ती २०१९ मध्ये. समोरून धडक बसली तर आतला माणूस वाचेल अशा बांधणीचे नियमही त्याच सुमारास, २०१७ ते २०१९ मध्ये लागू झाले. त्याआधी, २०१४ मध्ये, ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतात खपणाऱ्या पाच छोट्या गाड्या ताशी ६४ किलोमीटर वेगाने आपटून बघितल्या. मोठ्या माणसाच्या संरक्षणात पाचही गाड्यांना शून्य तारे मिळाले. त्या गाड्यांचे आराखडे तुमच्या आठशेपेक्षा कितीतरी नवे होते. आठशेचा मूळ आराखडा ऐंशीच्या दशकातला आहे.

आता सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी खंबाटकी उतरणारे ट्रक डोळ्यांसमोर आण. साडेसहाशे किलोच्या आसपास वजनाची ही गाडी, मागच्या सीटवर चार वर्षांची पोर, आणि पाठीमागून भरलेला कंटेनर. आठशेच्या मागच्या सीटला पट्टे आहेत का आणि त्यांच्यात मुलांची सीट घट्ट बसते का, ते एकदा बघ. चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्ट्याने किंवा मुलांच्या सीटमध्ये बांधून बसवावं, असं आता कायदाच सांगतो. दंड हजार रुपयांचा आहे, पण आपण ते दंडाच्या भीतीने करायचं नाही. इंजिनात कितीही पैसे घातले तरी ही उणीव भरून निघत नाही. म्हणून माझं स्पष्ट मत देतो. अन्वीला घेऊन हायवेवर जायला ही गाडी वापरू नकोस. इंजिन नव्यासारखं झालं तरीही नाही.

याचा अर्थ गाडी लगेच मोडीत काढ असा नाही. साताऱ्यातल्या साताऱ्यात, चाळीसच्या वेगाने चालायला ती अजून उपयोगी पडेल का, याचं उत्तर गाडीच्या अंगात आहे. ते कसं बघायचं ते सांगतो.

लोक इंजिनाला घाबरतात आणि पत्र्याकडे दुर्लक्ष करतात. करायला हवं ते याच्या उलट. आमच्या एसटीची चासिस वेगळी आणि वरची बॉडी वेगळी असते. चासिस शाबूत असेल तर बॉडी उतरवून नवी चढवता येते आणि गाडी पुन्हा वर्षानुवर्षं धावते. आठशेचं तसं नाही. तिची बॉडी हीच तिची चासिस. जमिनीचा पत्रा, दारांखालच्या लांब पेट्या, पुढचे शॉकअप ज्यात बसतात ते बुरूज, यांच्यावरच सगळा भार असतो. ते आतून सडले तर वरून कितीही चकचकीत रंग दे, गाडी संपली.

म्हणून इंजिनावर एक रुपया खर्च करण्याआधी गाडी गॅरेजातल्या खड्ड्यावर चढव आणि स्वतः खाली उतरून बघ. आत पायाखालचं मॅटिंग उचलायला सांग. एक जाड पेचकस घे आणि दारांखालच्या पेटीवर, जमिनीच्या कडांवर, मागच्या चाकांच्या कमानीत जोर देऊन टोचत जा. चांगला पत्रा खणखणीत लागतो, पेचकस मागे ढकलतो. सडलेल्या पत्र्यात टोक आत घुसतं आणि तांबडा भुगा हातावर सांडतो. मग एक साधं लोहचुंबक पातळ फडक्यात गुंडाळून बाहेरून बॉडीवर फिरव. जिथे ते धरत नाही तिथे पत्र्याऐवजी लांबी भरलेली आहे असं समज. दाराला कुठे वाटीएवढी लांबी सापडली तर बिघडत नाही, पूर्वी कुठेतरी घासली असेल. पण दारांखालच्या पेटीला चुंबक धरत नसेल, तर कुणीतरी सड झाकून ठेवलेली आहे. शेवटी बॉनेट उघडून शॉकअपच्या बुरुजांभोवती नीट बघ. तिथे रंग फुगून पापुद्रे सुटलेले दिसले किंवा चीर दिसली, तर पुढचा विचार थांबव.

एखाद्या ठिकाणी तळहाताएवढा पत्रा गेला असेल तर चांगला टिंकर तो कापून नवा जोडून देतो. त्यावर वरून तुकडा चिकटवू देऊ नकोस, सडलेला भाग कापायलाच सांग. जमीन, पेटी, बुरूज असं दोन-तीन ठिकाणी एकदम निघालं तर मात्र दुरुस्तीचा नाद सोड.

आता इंजिन. मेस्त्री म्हणतो रिंगा गेल्या, बोअर करावं लागेल. असेलही. पण गाडी आठ महिने अंगणात उभी आहे, हे विसरू नकोस. आता पंपांवर मिळतं ते वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. गाडी उभी राहिली की टाकीला आतून गंज धरतो आणि तो गाळ कार्बोरेटरच्या बारीक जेटमध्ये जाऊन अडकतो. १९९६ च्या रबरी नळ्या या पेट्रोलासाठी बनलेल्याच नाहीत. त्या फुगतात, मऊ पडतात, चिरतात. अशी गाडी सुरू केली की ती धक्के देते, बंद पडते, धूर मारते, आणि ऐकणाऱ्याला वाटतं इंजिन गेलं. म्हणून आधी टाकी उतरवून धुवून घे, पेट्रोलच्या सगळ्या नळ्या बदल, कार्बोरेटर साफ करून घे, ऑइल, प्लग आणि फिल्टर नवे टाक. नळ्या तर गाडी महिनाभर ठेवायची असली तरी बदलायच्याच. गरम इंजिनावर पेट्रोल ठिबकलं तर आग लागायला वेळ लागत नाही.

एवढं झालं की मेस्त्रीला सांग, कॉम्प्रेशन मोजून दाखव. इंजिन गरम करायचं, तिन्ही प्लग काढायचे, एकेका भोकात गेज लावून इंजिन फिरवायचं आणि तिन्ही आकडे कागदावर लिहायचे. तिन्ही चांगले आणि जवळजवळ सारखे आले तर इंजिन उघडायचं कारणच नाही. एखादा बराच खाली आला तर त्या भोकात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजायचं. आकडा वर चढला तर रिंगा-बोअरची झीज आहे, मेस्त्री खरं बोलतोय. चढला नाही तर दोष वर आहे, व्हॉल्व्हमध्ये किंवा हेड गॅस्केटमध्ये, आणि नुसतं हेड काढून भागतं. दोन्हींच्या खर्चात मोठा फरक आहे. धुराचा रंगही बघ. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल खातंय, गाडी गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल तर पाणी आत जातंय, काळा म्हणजे पेट्रोल जास्त पडतंय. काळ्या धुराचं काम सगळ्यांत स्वस्तात होतं.

आणि समजा रिंगा गेल्याच असतील, तरी घाबरू नकोस. आठशे १९८३ च्या डिसेंबरात बाजारात आली आणि २०१४ च्या जानेवारीत बनायची थांबली. पण तिचंच ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन ओम्नीत २०१९ पर्यंत येत होतं. त्यामुळे पिस्टन, रिंगा, गॅस्केट, क्लच प्लेट असं सामान अजून मिळतं आणि या इंजिनावर हात बसलेला मेस्त्री प्रत्येक तालुक्याला आहे. इंजिन पुन्हा उभं करता येतं. बॉडीचं सामान मात्र दिवसेंदिवस दुर्मिळ होत जाणार.

ब्रेकचं काम यादीत सगळ्यांत वर घे. मास्टर सिलिंडर, चाकांचे सिलिंडर, पुढचे पॅड, मागचे लायनर, रबरी होज, सगळं एकदमच करून टाक. टायरवर चार आकड्यांचा एक शिक्का असतो. पहिले दोन आकडे आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. टायरची नक्षी शाबूत दिसली तरी तो सहा-सात वर्षांपूर्वीचा निघाला तर बदल. उभ्या गाडीचं रबर न झिजताच म्हातारं होतं.

आता हिशेब. प्रशांतची कोंबडी-मसाल्याची म्हण इथे थोडी फसवी आहे. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या निम्म्यावर गेला की गाडी काढावी, असं लोक सांगतात. पण तीस वर्षांच्या आठशेची बाजारातली किंमत जवळजवळ भंगाराचीच. त्या हिशेबाने चार टायर बदलणंही परवडणार नाही. गाडी विकायची असेल तर ती तुलना ठीक आहे. वापरायची असेल तर असा विचार कर की या खर्चात पुढची किती वर्षं मिळतील आणि तेवढ्याच वर्षांना दुसरा मार्ग किती पडेल.

उदाहरण म्हणून मांडतो. मेस्त्रीचे पंचेचाळीस हजार धर. ब्रेक, टायर, शॉकअप, थोडं पत्र्याचं काम मिळून तीस हजार धर. आरटीओचे वगैरे पंधरा. झाले नव्वद हजार. त्यावर तीन वर्षं निर्वेध मिळाली तर महिन्याला अडीच हजार पडतात. दुसऱ्या बाजूला चार लाखांचं कर्ज नऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी काढलं तर महिन्याचा हप्ता सुमारे आठ हजार तीनशे येतो. वरवर दुरुस्ती स्वस्त दिसते. पण आणखी दोन गोष्टी यात धरायच्या. जुनी गाडी उघडल्यावर सांगितलं त्यापेक्षा जास्त निघतंच, म्हणून अंदाजावर तिसरा हिस्सा वेगळा काढून ठेव. आणि पाच वर्षांनी नव्या गाडीला काही किंमत उरेल, आठशेला उरणार नाही. शिवाय गेल्या सप्टेंबरपासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी अठ्ठावीस टक्क्यांवरून अठरावर आला आहे, तेव्हा तुला पुण्यासाठी गाडी घ्यायचीच असेल तर काळ अनुकूल आहे. आजवर या गाडीवर किती घातले ते मात्र कुणी मध्ये आणू देऊ नकोस. ते पैसे गेले, त्यांच्या बदल्यात गाडीने तीस वर्षं साथ दिली, तो हिशेब मिटला.

खर्चाची वरची मर्यादा गाडी गॅरेजला लावायच्या आधी ठरव आणि कागदावर लिही. मेस्त्रीकडून कामांची यादी लिहून घे आणि काढलेले जुने पार्ट परत मागून घे.

कागदांचं थोडक्यात सांगतो. खाजगी मोटारीची नोंदणी पहिली पंधरा वर्षं चालते, पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. तुमची यंदा मे महिन्यात संपते. अर्ज मुदतीच्या साठ दिवस आधीपासून करता येतो, म्हणजे मार्चात. गेल्या ऑगस्टपासून वीस वर्षांपुढच्या मोटारीची नूतनीकरणाची फी दहा हजार झाली आहे. पर्यावरण कर आणि इतर खर्च वेगळा, त्याचा ताजा आकडा साताऱ्याच्या आरटीओत विचारून घे. उशीर झाला तर दर महिन्याला पाचशे रुपये जास्त भरावे लागतात. जादा सुरक्षेची नवी नंबरप्लेट बसवलेली नसेल तर आधी ती बसव, तिच्याशिवाय पुढची कामं अडतील. थर्ड पार्टी विमा आणि पीयूसी चालू हवेत. दिल्लीतल्या पंधरा वर्षांच्या बंदीबद्दल तू विचारलंस. तो नियम दिल्ली परिसराचा, आपल्याकडे तसा नाही. प्रशांतने विंटेजचं काढलं होतं, तर २०२१ च्या नियमाप्रमाणे त्याला गाडी पन्नास वर्षांची लागते. अजून वीस वर्षं आहेत, तो विचार आत्ता नको.

गाडी काढायची ठरलं तर भंगारवाल्याच्या टेम्पोत चढवू नका. सरकारमान्य स्क्रॅप केंद्रात द्या. तिथे सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट मिळतं. नोंदणी रीतसर रद्द होते आणि नवी गाडी घेताना करात सवलत मिळते. नोंदणी रद्द न करता गाडी दिली आणि तिचा नंबर उद्या कुणी भलत्या गाडीला लावला, तर पोलीस दाजींच्या दारात येतील. गाडी कुणाला चालवायला द्यायची असेल तरी ती त्याच्या नावावर करूनच किल्ली दे.

आता दाजींबद्दल. गाडी त्यांची आहे आणि ते समोर आहेत. डोळ्यांमुळे त्यांनी चालवणं सोडलं, विचार करणं सोडलेलं नाही. तुम्ही तिघं त्यांच्या मनाविषयी बोलताय, पण त्यांना कुणी सरळ विचारल्याचं तुझ्या निरोपात दिसलं नाही. रयतच्या शाळेतल्या पगारात काटकसर करून त्यांनी ही गाडी घेतली. त्यांच्या पिढीला फियाट-अँबॅसिडर ही दुसऱ्यांची गाडी वाटायची. आठशे ही मास्तरालाही घेता येईल अशी पहिली गाडी होती. अक्काला बाळंतपणाला त्यांनी तिच्यातूनच नेलं, गल्लीतल्या अडल्यानडल्यांना दवाखान्यात पोहोचवलं. त्या माणसाला आपल्या वस्तूच्या निर्णयात मान हवा. पण तो मान देताना ओझं त्यांच्या डोक्यावर टाकू नकोस. "बाबा, ठेवू की काढू?" असं विचारलंस तर ते तुझ्या खर्चाचा विचार करून काढ म्हणतील आणि आतून कष्टी होतील. पत्रा बघून आल्यावर जे निघालं ते सगळं त्यांच्यापुढे मांड, हे पत्र वाचून दाखव, आणि विचार, "बाबा, तुम्हाला ती कशासाठी हवीय?" अंगणात दिसायला हवी की बसून फिरायला हवी, हे त्यांच्या तोंडून ऐक. फिरायला हवी असेल तर चालवणार कोण, तेही लगेच ठरवा.

माझं मत विचारलंस, तर असं. पुण्याच्या रोजच्या वापराला आणि हायवेला तू दुसरी गाडी घे. नवी झेपत नसेल तर २०१९ नंतरची, एअरबॅग आणि एबीएस असलेली जुनी घे, पण ती मेस्त्रीला घेऊन जाऊन, असाच पत्रा टोचून बघून घे. आठशेचा पत्रा धड निघाला तर तिला साताऱ्यात ठेवा. ब्रेक, नळ्या, टायर करून घ्या, इंजिनाला लागेल तेवढंच करा, पाच वर्षांची नोंदणी घ्या आणि आठवड्यातून एकदा तरी तिला अजिंक्यताऱ्याच्या पायथ्यापर्यंत फिरवून आणा. पत्रा सडलेला निघाला तर दाजींना बरोबर घेऊन, सगळे मिळून तिला रीतसर निरोप द्या. या दोन्हींतलं काहीही झालं तरी मला आनंदच होईल.

फक्त तिसरं करू नका. दुरुस्तही करायची नाही आणि काढायचीही नाही, ताडपत्री टाकून पुढच्या वर्षी बघू म्हणायचं, असं भिजत घोंगडं ठेवू नका. उंदीर वायरी खातात, टायर बसतात, मुदत टळते. ज्या गाडीचं आज काहीतरी चांगलं करता आलं असतं, तिचं दोन वर्षांनी काहीच करता येत नाही. ज्या वस्तूवर प्रेम आहे तिला वापरात ठेवणं किंवा वेळेवर मोकळं करणं, यातच तिचा मान आहे.

पाडवा १९ मार्चला आहे. त्याच्या आधी गाडी खड्ड्यावर चढव. पत्रा आणि कॉम्प्रेशनचे आकडे हाती आले की मला फोन कर, मी साताऱ्याला येतो. मेस्त्रीशी बोलायला मी असेन, दाजींशी बोलायला तू पुढे हो.

अन्वीला गोड पापा. जावईबापूंना नमस्कार, अक्का-दाजींना साष्टांग नमस्कार.

तुझा,
मामा